शेवटच्या सायकलसाठी थांबणारी माणसे

दाभोळच्या जेट्टीला धोपाव्याकडे जाणारी फेरीबोट लागली होती. गाड्या चढल्या, मोटरसायकली चढल्या, मागून मासळीच्या टोपल्या घेतलेल्या दोन बायका चढल्या. जेट्टीवर सात सायकली उभ्या होत्या, जाड टायरच्या, लाल धुळीने माखलेल्या. बोटीवरच्या माणसाने हात करून विचारले, "चला, येताय ना?" सातांपैकी एकाने मागच्या रस्त्याकडे पाहिले आणि सांगितले, "आमचा एक जण मागे आहे. तुम्ही निघा, आम्ही पुढच्या बोटीने येतो." बोट सुटली. आठवा सायकलवाला दहा मिनिटांनी आला. चेहरा लालबुंद, शर्ट पाठीला चिकटलेला. कोणी त्याला काही बोलले नाही. एकाने पाण्याची बाटली पुढे केली.

हा प्रसंग मनात राहण्याचे कारण म्हणजे त्याच आठवड्यात आलेले एक पत्र. पत्रलेखक याच पंचक्रोशीतले शिक्षक, वय 46. वर्षभरापूर्वी तपासणीत एचबीएवनसी 6.2 निघाले. म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी सांगितले, रोज घाम येईल एवढे काहीतरी करा. चालण्याचा त्यांना कंटाळा, म्हणून गिअरची माउंटन बाईक घेतली. सुट्टीत शहरातून आलेल्या पाच-सहा जणांच्या कंपूबरोबर एका रविवारी सड्यावर गेले. पुढचे गडी सराईत होते. त्यांना गाठायच्या नादात मास्तरांनी उतारावर, सुट्या जांभ्याच्या खडीत, पुढचा ब्रेक करकचून दाबला. सायकल जागेवर थांबली, मास्तर पुढे गेले. गळ्याजवळचे हाड मोडले. पुढच्यांपैकी कोणी मागे वळून पाहिले नाही, मोबाइलला रेंज नव्हती. पाऊण तासाने एक गुराखी आला आणि "पडलाव काय मास्तर?" म्हणत त्यांना खाली घेऊन गेला. आता हाड जुळत आले आहे, आणि त्यांचा प्रश्न असा: "सायकल सोडायची नाही. पण चांगली सोबत कशी ओळखायची, आणि शोधायची कुठे?"

प्रश्न खेळाचा वाटतो, पण मी तो आरोग्याचाच मानतो. डांबरी रस्त्यावर एकट्याने सायकल चालवणे आणि सड्यावर, पाणंदीत, डोंगरवाटेवर एकट्याने चालवणे यात फार फरक आहे. रस्त्यावर पडलात तर पाच मिनिटांत कोणीतरी येते. डोंगरवाटेवर तुमची रुग्णवाहिका, तुमचा कंपाउंडर आणि तुमचा फोन म्हणजे तुमच्याबरोबरची माणसे.

आधी मास्तरांच्या साखरेबद्दल, कारण पहिली चांगली बातमी तिथे आहे. व्यायाम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता आत ओढतो, आणि व्यायाम थांबल्यावरही साधारण दिवस-दोन दिवस शरीर इन्शुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देते. म्हणून आठवड्यातून एकदाच रविवारी मरणाचे दमण्यापेक्षा दर दोन दिवसांनी थोडे चालवणे साखरेला जास्त मानवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम किंवा 75 मिनिटे जोराचा व्यायाम करावा. डोंगरवाटेची सायकल सहसा जोराच्या व्यायामात मोडते. स्वस्थ बसल्यावर शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते त्याच्या सुमारे साडेआठपट, आणि खडा चढ असेल तर त्याहून पुष्कळ जास्त.

आणि आपल्याकडे खडा चढच असतो. दाभोळ वाशिष्ठीच्या मुखावर, समुद्रसपाटीला. दापोली तिथून तीसेक किलोमीटरवर, पण सुमारे 800 फूट उंचीवर. मधली सगळी भूमी म्हणजे खाडीतून उठलेला चढ, वर जांभ्याचा सपाट सडा, पुन्हा पऱ्ह्यात उतार, पुन्हा चढ. नदीपलीकडे धोपावे, वेलदूर, अंजनवेलच्या बाजूलाही तीच गत.

थोडे गणित करू. 70 किलोचा माणूस आणि 14 किलोची सायकल, म्हणजे 84 किलो. ते 200 मीटर वर न्यायला सुमारे 165 किलोज्यूल ऊर्जा लागते. अर्ध्या तासात चढलात तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाशी झगडायला सतत 90 वॉट हवेत. खडीतले घर्षण वेगळे. सराव असलेल्याला हे सहज जमते. बैठे काम करणाऱ्या सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला ते त्याच्या मर्यादेच्या बरेच जवळ नेते. शिवाय आपले स्नायू फार काटकसरी नाहीत. जाळलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग पेडलवर पोचतो, उरलेली तीन-चतुर्थांश उष्णता होते, आणि ती बाहेर टाकायचे मुख्य साधन म्हणजे घाम.

पण थंडावा घाम येण्याने मिळत नाही, घाम वाळण्याने मिळतो. कोकणातल्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता निथळतो. शरीर आणखी घाम काढते, तोही निथळतो. पुण्याच्या कोरड्या सकाळी जो चढ सहज जातो तोच इथे मार्चनंतर नऊ वाजता जीव काढतो, याचे कारण तुमची तब्येत नसते, हवेतली वाफ असते. तासाला एक-दीड लिटर घाम सहज जातो. फेरीआधी आणि फेरीनंतर वजन करून पाहा. एक किलो कमी झाले म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेले. मात्र नुसते पाणी ढोसत राहणेही बरोबर नाही, रक्तातले सोडियम उतरते. दोन तासांहून लांब फेरीला मीठ हवे, आणि मीठ घातलेल्या आमसुलाच्या सरबताएवढे चांगले पेय मला तरी बाजारात दिसलेले नाही. साखरेच्या रुग्णाने त्यात साखर बेताची घालावी. पण इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर उलट, खिशात गुळाचा खडा असलाच पाहिजे, आणि तो कशासाठी आहे हे बरोबरच्या निदान एकाला माहीत असले पाहिजे.

आता सोबतीकडे येतो. चांगल्या गटाची पहिली खूण कानाला कळते: चढावर गप्पा चालू असतात. ही गंमत म्हणून सांगत नाही. व्यायामशास्त्रात 'टॉक टेस्ट' नावाची चाचणी आहे आणि ती महागड्या यंत्रांशी ताडून पाहिलेली आहे. चढताना पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले तर तुम्ही मध्यम श्रमात आहात. चार-पाच शब्दांवर श्वास तुटला तर जोराच्या श्रमात. 'हं' आणि 'हो' एवढेच निघू लागले की स्नायूंची ऑक्सिजनची गरज पुरी होत नाही. तिथे फार वेळ राहता येत नाही, आणि नवख्याने राहूही नये. गप्पा मारणाऱ्या गटात हे मोजमाप आपोआप होते. कोणी गप्प झाला की पुढचा वेग कमी करतो. मुकाट्याने पळणाऱ्या गटात मागच्याचे काय चालले आहे हे कोणालाच कळत नाही. मास्तरांच्या बाबतीत तेच झाले. ते उतारावर पडले खरे, पण चूक चढावर झाली होती. दमलेल्या माणसाची पकड ढिली होते, निर्णय उशिरा होतो आणि हात ब्रेकवर आवळतो.

उतारावर गणित उलटे फिरते. चढताना घातलेली ती 165 किलोज्यूल उतरताना कुठेतरी जायला हवी. सावकाश उतरलात तर त्यातली बरीचशी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. एवढ्या उष्णतेत अर्धा लिटर पाणी जवळजवळ उकळते. या खेळाच्या जन्मकथेतच हे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही मित्र जुन्या, जड, बलून टायरच्या सायकली डोंगरावर चढवून खाली सोडत. 21 ऑक्टोबर 1976 रोजी त्यांनी फेअरफॅक्सजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर पहिली शर्यत लावली. तीन-साडेतीन किलोमीटरमध्ये जवळजवळ 400 मीटर उतार. मागच्या चाकाच्या आटीत बसवलेला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि खाली पोचल्यावर आटी उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. त्या भरण्यावरून शर्यतीचे नावच 'रीपॅक' पडले. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्यातलीच मंडळी. पुढे ब्रीझने 1977 मध्ये खास या कामासाठी सायकल बनवली, आणि 1996 मध्ये अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. सांगायचे एवढेच की कारखान्याच्या आधी इथे मित्रांची टोळी होती, आणि कुठल्या वळणावर कसा ब्रेक लावायचा हे ते एकमेकांकडूनच शिकत होते.

आजही ते तसेच शिकावे लागते. मास्तरांना कोणीतरी आधी सांगायला हवे होते की खडीत वळणाच्या आत नाही, वळणाआधी वेग कमी करायचा. पुढचा ब्रेक एका-दोन बोटांनी, हलक्या हाताने. बूड सीटच्या मागे न्यायचे, कोपर आणि गुडघे सैल ठेवायचे. टायरमध्ये रस्त्यासारखी टणक हवा ठेवायची नाही, म्हणजे रबर खड्यांवर पसरून पकड धरते. पहिल्या दिवशी सपाट मैदानावर अर्धा तास हे करून घेणारा गट मिळाला तर तिथून हलू नका. आणि हेल्मेटशिवाय नवख्याला बरोबर घेणारा गट कितीही मोठमोठ्या शिखरांच्या गोष्टी सांगो, त्याला लांबून नमस्कार.

पडणे मात्र कोणालाच चुकत नाही. म्हणून माझ्या दृष्टीने खरा प्रश्न 'पडल्यावर काय करता?' हा आहे, आणि तो नवीन गटात गेल्यावर सरळ विचारावा. खांद्यावर किंवा पुढे केलेल्या हातावर पडले की गळ्याजवळचे हाड मोडणे ही सायकलवाल्यांची नेहमीची दुखापत. त्यात हात ओढून 'बसवायचा' नसतो. पंचा किंवा ओढणीची झोळी करून हात छातीशी बांधायचा आणि चालत खाली आणायचे. डोक्याला मार लागला असेल तर माणूस 'मला काही झाले नाही' म्हणतो, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, उलट्या होतात, डोकेदुखी वाढत जाते, झापड येते, यातले काहीही दिसले तर थेट रुग्णालय. मान दुखत असेल, हातापायांना मुंग्या असतील तर हलवायचे नाही, 108 ला फोन. रेंज कुठल्या टेकाडावर येते हे ज्याला माहीत आहे असा एक तरी स्थानिक माणूस गटात असावा. शहरातून येणाऱ्या गटांना माझा हा खास सल्ला: वाटाड्या म्हणून तरी एक गाववाला घ्या.

आणि फुरसे. रत्नागिरीच्या कातळावर या लहानशा, करवतीसारखा आवाज करणाऱ्या सापाचे राज्य आहे. तो दगडाखाली, गडग्याच्या भेगेत असतो, आणि सायकलवाल्याला चावतो तो बहुधा सायकलवरून उतरल्यावर, कुठेही हात टेकून बसल्यामुळे. चावले तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे यातले काही करू नये. पाय हलू न देता उचलून रुग्णालयात न्यावे. त्याचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते, त्यामुळे सुरुवातीला फारसे काही न वाटणाराही नंतर गंभीर होऊ शकतो. विंचवाचेही तसेच. आपल्याकडच्या लाल विंचवाचा दंश एके काळी कितीतरी जीव घेई. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवले आणि 1986 मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये मांडले, त्यानंतर चित्र पालटले. पण औषध वेळेवर मिळण्यासाठी कोणीतरी वेळेवर न्यावे लागते.

पावसाळ्याबद्दल दोन शब्द, कारण हिरव्या सड्यावर चिखल उडवत जाण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. 2008 च्या जुलैत वेल्समधल्या बिल्थ वेल्स इथे माउंटन बाईक शर्यतीनंतर बरेच स्पर्धक जुलाबांनी आजारी पडले. तपासात कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला, आणि वाट होती तोंडात उडालेला चिखल, ज्यात मेंढ्यांच्या लेंड्या मिसळलेल्या होत्या. आपल्याकडे मेंढ्या नसल्या तरी गुरे आहेत, उंदीर आहेत, आणि लेप्टोस्पायरोसिस आहे. उंदराच्या, गुरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून हा जंतू खरचटलेल्या कातडीतून आत शिरतो. म्हणून जखम असेल तर चिखलात जाऊ नये, चाकांना मडगार्ड लावावे, बाटलीचे तोंड पुसून पाणी प्यावे, आणि फेरीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत थंडी-ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर डॉक्टरांना 'मी चिखलात सायकल चालवली होती' हे न विचारता सांगावे. साधा ताप समजून दोन दिवस घालवू नयेत. लवकर सुरू केलेल्या प्रतिजैविकाने हा आजार बरा होतो.

पावसाळ्यात सड्यावर न जाण्याचे आणखी एक कारण आहे, आणि त्यावरूनही मी गट पारखतो. कातळावरची माती काही ठिकाणी बोटभरसुद्धा नसते. तेवढ्यात जूनमध्ये दीपकाडी फुलते, पुढे सीतेची आसवे, गेंद, कवला. ओल्या मातीत एकदा टायरची चरी पडली की पाणी तिथूनच धावते आणि माती घेऊन जाते. जिल्ह्यात दक्षिणेकडे, रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर तर कातळात कोरलेली चित्रे आहेत. 2022 मध्ये कोकणातल्या या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. ती ठळक दिसतातच असे नाही. वरून चाक गेले तरी जाणाऱ्याला पत्ता लागत नाही. शिवाय सडा ओसाड दिसला तरी कोणाचा तरी असतो. पाखाडी ही गवताचा भारा डोक्यावर घेऊन येणाऱ्या बाईची वाट आहे, शर्यतीचा मार्ग नव्हे. तिला आधी जाऊ देणारी, बेडे उघडले तर पुन्हा लावून घेणारी, वाडीत शिरण्यापूर्वी विचारणारी माणसे असतील तर त्या वाडीतले लोक तुम्ही पडल्यावर धावत येतात. मास्तरांना उचलणारा गुराखी मास्तरांना ओळखत होता, हा योगायोग नव्हता.

शोधायचे कुठे? दापोलीत दापोली सायकलिंग क्लब आहे, त्यांच्या रविवारच्या फेऱ्या आणि हिवाळ्यातली सायक्लोथॉन परिसरात परिचित आहेत. चिपळूण आणि रत्नागिरीतही सायकलप्रेमींचे गट आहेत. मास्तरांनी आधी अशा रस्त्यावरच्या फेऱ्यांत तीन-चार महिने घालवावेत. दम आणि ओळखी दोन्ही वाढतात. डोंगरवाटेची आवड असलेले दोघे-तिघे तिथेच भेटतात, आणि डोंगरवाटेला चार माणसे पुरतात: एक जखमीजवळ थांबतो, दोघे मदतीला जातात. दुसरी जागा म्हणजे सायकल दुरुस्तीचे दुकान. कोणाची सायकल दर महिन्याला मोडून येते आणि कोण वेळच्या वेळी ब्रेक पॅड बदलते, हे मिस्त्रीला पक्के ठाऊक असते. गटात बायका आणि पन्नाशीपुढची माणसे वर्षानुवर्षे टिकून आहेत का, तेही पाहावे. ती टिकली असतील तर वेग माणसे पाहून ठरतो असे समजायला हरकत नाही. मास्तर, तुमच्या वयाला आणि साखरेला धरून, पुन्हा चढावर जाण्याआधी रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून घ्या. चालताना छातीत भरून येत असेल तर ती आधीच, आजच.

मास्तरांनी पत्राच्या शेवटी भीतभीत विचारले आहे की त्यांची सायकल साध्यातली, पुढे सस्पेन्शन असलेली आहे, ती या लोकांत चालेल का. चालेल. ज्या गटात चालणार नाही तिथे जाऊ नका. मात्र पडल्यापासून ती ओसरीवर उभी असेल, तर नेण्याआधी पुढचे चाक फिरवून पाहा. ते ब्रेकला घासत असेल तर पडताना वाकले आहे, तारा कसून घ्यायला हव्यात. ब्रेकच्या केबललाही खारी हवा लागून गंज आला असेल, ती तर बदलाच. तीन-चारशे रुपयांत दोन्ही व्हावे.